पैसे त्याच्याच हातात द्या

आमच्या दुकानात चटणीचं वजन माझा धाकटा भाऊ करतो. दुकान म्हणजे सोलापुरातल्या आमच्या घराचीच पुढची खोली. शेंगाचटणी, जवसाची चटणी आणि कडक भाकरी एवढाच माल. अप्पांची, म्हणजे वडिलांची, गिरणी बंद पडली तेव्हा अव्वानं, म्हणजे आईनं, हा धंदा सुरू केला. आता हिशेब आणि ऑर्डरी मी बघते, भाकऱ्या अव्वा आणि गल्लीतल्या दोन बायका थापतात, आणि काट्यावर भाऊ असतो. घरी आम्ही कानडी बोलतो, म्हणून त्याला सगळे तम्मा, म्हणजे धाकटा भाऊ, म्हणतात. तम्मा छत्तीस वर्षांचा आहे. त्याला डाऊन सिंड्रोम आहे.

त्याचं काम बघण्यासारखं असतं. पिशवी काट्यावर ठेवायची, चमच्यानं चटणी सोडत जायचं, आकडा २५० ग्रॅमच्या जवळ आला की चमचा हलकेच झटकून चिमूटचिमूट टाकायची. २५० च्या खाली त्याला चालत नाही आणि वरही चालत नाही. दिवाळीच्या घाईत मी २५३ वर पिशवी उचलली तर तो ती माझ्या हातातून काढून घेतो आणि परत काट्यावर ठेवतो. मग सीलिंग मशीनचा दिवा लागेपर्यंत थांबून तोंड बंद करायचं, लेबल सरळ लावायचं. सुट्ट्या पैशांचा हिशेब त्याला जमत नाही. पण क्यूआर कोड आल्यापासून ती अडचण बरीच सुटली. पैसे जमा झाल्याचं यंत्र बोललं की तो मान हलवतो आणि पिशवी पुढे करतो.

आता गिऱ्हाईक काय करतं ते सांगते. पिशवी तम्माच्या हातात, काटा तम्मासमोर, आणि गिऱ्हाईक माझ्याकडे बघून म्हणतं, “ताई, याला अर्धा किलो द्यायला सांगा.” पैसे त्याला डावलून, हात लांब करून माझ्याकडे दिले जातात. एखादी बाई आपल्या मुलाला हळूच दुसऱ्या बाजूला घेते. एखादे आजोबा चटणी घेऊन झाल्यावर त्याच्या तळहातावर दहाची नोट ठेवतात आणि हात जोडतात. तो दुकानदार आहे, त्याच्याकडून माल घेतला आहे, ही गोष्ट कुणाच्या लक्षातच येत नाही. आणि ही सगळी माणसं चांगली आहेत, हे मी मुद्दाम लिहिते. त्यांच्यातल्या कुणालाही तम्माला दुखवायचं नसतं.

म्हणूनच हा लेख लिहिते आहे. वाईट वागणाऱ्याशी भांडता येतं. प्रेमानं बाजूला सारणाऱ्याशी कसं भांडायचं?

आधी मूळ गोष्ट. माणसाच्या जवळजवळ प्रत्येक पेशीत ४६ गुणसूत्रं असतात, म्हणजे २३ जोड्या. डाऊन सिंड्रोममध्ये २१ व्या जोडीत दोनाऐवजी तीन गुणसूत्रं असतात आणि एकूण ४७ होतात. बाळ पोटात राहण्याच्या वेळीच हे ठरून गेलेलं असतं. १०० पैकी साधारण ९५ जणांमध्ये हाच प्रकार असतो. थोड्यांमध्ये जादा तुकडा दुसऱ्या गुणसूत्राला चिकटलेला असतो, आणि आणखी थोड्यांमध्ये काही पेशी ४६ च्या तर काही ४७ च्या असतात. संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजानुसार जगात १००० ते ११०० जन्मांमागे एका बाळाला हा असतो. २१ वं गुणसूत्र म्हणून २१ तारीख आणि त्याच्या तीन प्रती म्हणून तिसरा महिना अशी सांगड घालून २१ मार्च हा जागतिक डाऊन सिंड्रोम दिवस ठरला. २०१२ पासून संयुक्त राष्ट्रंही तो पाळतात.

नाव पडलं ते जॉन लँगडन डाऊन या इंग्रज डॉक्टरवरून. १८६६ साली त्यानं या लोकांचं पहिलं नीट वर्णन लिहिलं, पण डोळ्यांची ठेवण बघून त्यांना मंगोल वंशाच्या खात्यात टाकलं. पुढे पॅरिसमध्ये जेरोम लेज्यून, मार्त गोतिए आणि रेमंड तुर्पां यांच्या कामातून १९५९ साली जादा गुणसूत्र सापडलं आणि वंशाचा काही संबंध नाही हे स्पष्ट झालं. १९६५ साली मंगोलियाच्या प्रतिनिधींनी जागतिक आरोग्य संघटनेकडे हरकत घेतली आणि अधिकृत भाषेतून तो शब्द गेला. तरी त्यानंतर पंचवीसेक वर्षांनी जन्मलेल्या तम्माच्या कागदावर एका डॉक्टरनं ‘मंगोल’ असंच लिहिलेलं आहे. अव्वानं तो कागद अजून जपून ठेवला आहे. लँगडन डाऊनच्या स्वतःच्या नातवालाही, १९०५ साली जन्मलेल्या, हाच सिंड्रोम होता. एका डॉक्टरच्या डोळ्याला जे दिसलं ते शंभर वर्षं पुसलं गेलं नाही, मग गल्लीतल्या समजुतींना का दोष द्यावा?

आणि समजुती भरपूर आहेत. अव्वाचं लग्न तिच्या सख्ख्या मामाशी झालं होतं. आमच्या भागात, कर्नाटकाला लागून असल्यामुळे, मामा-भाचीचं लग्न ही नवलाची गोष्ट नव्हती. तम्मा झाल्यावर जो तो म्हणू लागला, “नात्यात केलंत, हे होणारच.” तीस वर्षं अव्वानं ते ऐकलं. नात्यातल्या लग्नामुळे काही आनुवंशिक आजारांची शक्यता वाढते हे खरं आहे. त्या आजारांत दोष आई-बाप दोघांकडून येतो आणि नात्यात तो दोघांकडे असण्याचा संभव जास्त. डाऊन सिंड्रोम त्या जातीचा नाही. बहुतेक वेळा स्त्रीबीज तयार होताना, काही वेळा पुरुषबीज तयार होताना, जोडी नीट सुटत नाही आणि एक गुणसूत्र जादा जातं. परक्या घरात लग्न केलं असतं तरी हे होऊ शकलं असतं.

दुसरं बोट आईच्या वयाकडे जातं. वयाबरोबर शक्यता वाढते, यात शंका नाही: विशीच्या सुरुवातीला दीड हजारात एक, पस्तिशीत साधारण साडेतीनशेत एक, चाळिशीत शंभरात एक. पण बाळंतपणं तरुण वयातच जास्त होतात, त्यामुळे डाऊन सिंड्रोम असलेल्या कितीतरी मुलांच्या आया तरुणच असतात. अव्वा तेव्हा तेवीस वर्षांची होती. मग वय चालेना म्हणून ग्रहण काढलं. पोटुशी असताना ग्रहणात भाजी चिरली असेल, कुणाची नजर लागली असेल, मागच्या जन्माचं काही असेल. अप्पांना कुणीही काही विचारलं नाही. सगळे प्रश्न अव्वाला. गाणगापूरला नेलं, अक्कलकोटला नेलं; ती श्रद्धेनं गेली आणि तिला तिथे धीर मिळाला, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. माझा राग आहे तो एका बाईला तीस वर्षं आरोपी करून ठेवणाऱ्यांवर. डाऊन सिंड्रोम आईच्या खाण्यानं, वागण्यानं, कामानं होत नाही. हे वाक्य या लेखातून एवढं एकच कुणी घरी नेलं तरी मला चालेल.

आता गोड समजुतींकडे येते, कारण माझ्या मते नुकसान त्या जास्त करतात. “देवाचं लेकरू आहे हो.” “यांना कशाचं दुःख नसतं बघा, कायम हसतमुख.” “मनानं लहान मूलच.” दुकानात दिवसातून एकदा तरी यातलं एक वाक्य येतंच.

तम्मा कायम हसतमुख नाही. सकाळी चहाआधी कुणी बोललेलं त्याला आवडत नाही. काट्याला कुणी हात लावला तर त्याचा चेहरा बदलतो. अप्पा गेले तेव्हा काका म्हणाले, “त्याला काय कळतंय? सांगू नका, शेजारी नेऊन बसवा.” थोरल्यांचा शब्द चालला. तम्माला शेजारच्या घरात टीव्हीसमोर बसवलं आणि अप्पांना नेलं. पुढे कित्येक दिवस तो संध्याकाळी पाचच्या सुमाराला दारात जाऊन उभा राहायचा आणि रात्री जेवायला नाही म्हणायचा. बोलणं जवळजवळ बंद झालं. लोक म्हणाले, आजार वाढला. आजार वाढलेला नव्हता, माणूस शोक करत होता, आणि त्याचा बाप कुठे गेला हे त्याला कुणी सांगितलेलं नव्हतं. अखेर अव्वानं त्याला अप्पांच्या फोटोसमोर बसवलं, हात हातात घेतला आणि कानडीत सगळं सरळ सांगितलं. तो खूप रडला. दुसऱ्या दिवशी अप्पांचा पंचा खांद्यावर टाकून काट्यावर येऊन बसला. तो पंचा आजही असतो. हे सगळे एकसारखेच दिसतात म्हणणाऱ्यांनी तम्माला चहा पिताना बघावं. बशीत ओतून, फुंकर न घालता, एका दमात. अगदी अप्पा.

‘यांचं असंच असतं’ हे वाक्य तर जीवावर बेतू शकतं. काही वर्षांपूर्वी तम्मा सुस्त झाला. दुपारी काट्यावरच डुलकी लागायची, वजन वाढलं, आवाज घोगरा झाला, कातडी कोरडी पडली. आम्ही दवाखाने केले. एका डॉक्टरांनी तपासायच्या आधीच सांगितलं की या मुलांचं वयाप्रमाणे असं होतंच, जपा. वर्षभर आम्ही जपलं. मग एका तरुण डॉक्टरीणबाईंनी साधी रक्ताची तपासणी सांगितली. थायरॉईड फार कमी पडत होतं. सकाळी उपाशीपोटी एक गोळी सुरू झाली आणि दोन-तीन महिन्यांत तम्मा परत पहिल्यासारखा झाला. डाऊन सिंड्रोममध्ये थायरॉईडचा त्रास इतका सर्रास आढळतो की दरवर्षी तपासणी करावी असा संकेत आहे. कानात पाणी साठून ऐकू कमी येणं, नजर अधू होणं, झोपेत श्वास अडकणं हेही नेहमीचं, आणि यातल्या बहुतेकांवर उपाय आहे. जवळपास निम्म्या बाळांच्या हृदयात जन्मतः दोष असतो. तम्माच्या हृदयातलं भोक लहान होतं, ते आपोआप बुजलं. अमेरिकेत १९८३ साली डाऊन सिंड्रोम असलेल्यांचं सरासरी आयुष्य २५ वर्षं होतं, आज ते साठीच्या घरात आहे. हा फरक औषधाच्या एखाद्या चमत्कारानं पडलेला नाही. हृदयाच्या शस्त्रक्रिया वेळेवर होऊ लागल्या आणि या लोकांना संस्थांत कोंडून ठेवणं थांबलं, ही त्यातली मोठी कारणं. लांब आयुष्याबरोबर नवी काळजीही येते. अल्झायमरशी संबंधित एक जनुक याच २१ व्या गुणसूत्रावर आहे, म्हणून या लोकांना स्मृतिभ्रंश इतरांपेक्षा लवकर, चाळिशीनंतरच गाठू शकतो. तम्मा लेबल उलटं लावतो का, ओळखीच्या गिऱ्हाइकाला विसरतो का, यावर माझं आता लक्ष असतं.

“मनानं लहान मूल” याचा त्रास वेगळाच. छत्तीस वर्षांच्या माणसाचा गाल ओढतात. लग्नाकार्यात पाहुणे हमखास विचारतात, “काय तम्मा, तुझं कधी? बघू का पोरगी?” आणि सगळे हसतात. तम्माला ते हसणं कळतं. गेली काही वर्षं तो लग्नाला यायला तयार होत नाही. इस्त्रीचा शर्ट घालतो आणि निघायच्या वेळी चप्पल काढून बसतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात चारचौघांत जाणूनबुजून अपमान करणाऱ्याला सहा महिने ते पाच वर्षं कैदेची तरतूद आहे. पण आपल्या मामेभावावर कोण फिर्याद करतं? तिथे घरातल्याच कुणीतरी उठून “पुरे” म्हणावं लागतं. आता मी म्हणते.

बोलण्याबद्दल थोडं नीट सांगायला हवं, कारण गैरसमज बहुतेक तिथून सुरू होतात. डाऊन सिंड्रोममध्ये स्नायू सैल असतात, तोंडाची पोकळी लहान असते, त्यामुळे उच्चार अस्पष्ट येतात. बहुतेकांना जेवढं बोलता येतं त्याहून कितीतरी जास्त समजत असतं. ऐकणारा मात्र बोलण्यावरून समज मोजतो. तम्मा कानडी बोलतो, मराठी बोलतो, शेजारच्या पद्मशाली घरातल्या म्हातारीशी तेलुगूतले चार शब्द बोलतो. आमच्या गल्लीतला रिक्षावाला रोज जाताना “काय करलालास, तम्मा?” असं विचारतो आणि रिक्षा चालू ठेवूनही उत्तराची वाट बघतो. तम्मा आधी शब्द जुळवतो, मग म्हणतो, “काम.” मधे चार-पाच सेकंद जातात. एवढे सेकंद थांबणारी माणसं फार थोडी आहेत. बाकीचे प्रश्न विचारतात आणि उत्तर माझ्याकडून घेतात.

सिनेमानं काही बदललं का, असं मला विचारतात. थोडं बदललं. २०१४ साली महेश लिमये यांचा ‘यलो’ आला. पुण्याच्या गौरी गाडगीळ या जलतरणपटूची ती गोष्ट. गौरीला डाऊन सिंड्रोम आहे, २००७ साली शांघायच्या स्पेशल ऑलिम्पिकमध्ये तिनं रौप्यपदक मिळवलं, आणि मोठेपणीची गौरी तिनं स्वतःच पडद्यावर केली. राष्ट्रीय पुरस्कारांतही तिची दखल घेतली गेली. त्याआधी आपल्याकडे ‘चौकट राजा’ होता. दिलीप प्रभावळकरांचं काम विसरता येणार नाही असं आहे, पण ते एका कसलेल्या नटानं केलेलं काम होतं. गौरीच्या वेळी पडद्यावर प्रत्यक्ष ती होती. २०२५ च्या जूनमध्ये ‘सितारे जमीन पर’ आला, त्यातही अशी माणसं स्वतः पडद्यावर होती. त्यानंतर काही दिवस गिऱ्हाइकं तम्माकडे कौतुकानं बघत आणि विचारत, “हा काय खेळतो?” तम्मा काही खेळत नाही. पदक मिळवलं तर मान, नाहीतर दया, ही वाटणी मला मान्य नाही. गौरीनं पोहण्यात जे कमावलं ते तिचं. तम्मा चटणी मोजतो आणि त्याबद्दल महिन्याला पगार घेतो; त्यालाही तेवढाच मान हवा.

गेल्या वर्षी गल्लीतली एक सून गरोदरपणातल्या डबल मार्कर चाचणीचा रिपोर्ट घेऊन रडत दुकानात आली. ‘हाय रिस्क, एकास दोनशे’ असं लिहिलं होतं. तिला वाटलं, ठरलंच. ही चाचणी फक्त शक्यता सांगते. एकास दोनशे म्हणजे अशा दोनशे बायकांपैकी एकीच्या बाळाला डाऊन सिंड्रोम असू शकतो, एकशे नव्याण्णवांच्या बाळांना नाही. खात्री करायची तर गर्भजलाच्या तपासणीसारखी चाचणी करावी लागते. पुढे काय करायचं हा निर्णय त्या बाईचा आणि तिच्या नवऱ्याचा; मी त्यात बोलणारी कोण? पण निर्णयाआधी तिला आकड्याचा अर्थ कुणीतरी सांगायला हवा होता, आणि डाऊन सिंड्रोमचा एखादा मोठा माणूस तिनं जवळून पाहिलेला असायला हवा. ती बाकावर बसली होती तेवढ्या वेळात तम्मानं तिला पाणी आणून दिलं आणि परत काट्याकडे गेला.

७ मे २०२४ ला सोलापुरात लोकसभेचं मतदान होतं. तम्माचं नाव यादीत आहे. केंद्रावर एका पक्षाचा एजंट मोठ्यानं म्हणाला, “याला काय कळतंय? मत बाद करा.” कायदा असा आहे की सक्षम न्यायालयानं एखाद्याला मनोविकल ठरवलं असेल तरच या कारणावरून त्याचं नाव यादीतून काढता येतं. तम्माला कुणी तसं ठरवलेलं नाही. केंद्राध्यक्ष बाईंनी एजंटाला खाली बसवलं, तम्माचं ओळखपत्र पाहिलं आणि विचारलं, “तुमचं नाव?” थेट त्याला. त्यानं पूर्ण नाव सांगितलं, वडिलांच्या नावासकट. बोटाला शाई लावून घेतली, एकटा आडोशामागे गेला, यंत्र वाजेपर्यंत थांबला आणि बाहेर आला. रस्त्यात मी विचारलं, कुणाला दिलंस? तो म्हणाला, “सांगायचं नसतं.”

ज्यांच्या घरी नुकतंच असं बाळ आलं आहे, त्यांच्यासाठी शेवटी कामाचं लिहिते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी मोफत होते आणि डाऊन सिंड्रोम त्या यादीत आहे. अंगणवाडीत पथक येतं त्याला दाखवा, ते जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवतात. शरीराला आणि बोलण्याला लागणारे व्यायाम पहिल्या काही महिन्यांतच सुरू करा. दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, लवकर काढा. नॅशनल ट्रस्टच्या निरामय योजनेत एक लाखापर्यंतचा आरोग्य विमा मिळतो. मूल १८ वर्षांचं झालं की आई-बाप आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत. गरज असेल तर जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडे अर्ज करता येतो. आणि या सगळ्याआधी बाळाच्या हृदयाची इको तपासणी करून घ्या. बाळ गुटगुटीत दिसलं, दूध नीट पीत असलं, तरीही करा. ती पुढे ढकलू नका.